आईच्या टाचा

आमच्याकडे थंडी आधी पायांना कळायची. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की खाडीवरून सकाळी कोरडा वारा सुटायचा आणि ओठ, गाल, पोटऱ्या सगळं ताणल्यासारखं व्हायचं. पोटरीवर नखानं रेघ ओढली तर पांढरी उमटायची. आम्ही पोरी एकमेकींच्या पायांवर अशी नावं लिहीत असू. गंमत तेवढीच, कारण नेमक्या त्याच दिवसांत मिठागरांचं काम सुरू व्हायचं. पावसात खचलेले बांध पुन्हा घालायचे, वाफ्यांतला गाळ काढायचा आणि मग वाफ्याचा तळ दगडासारखा घट्ट होईपर्यंत पायांनी तुडवायचा. खाली खारा चिखल, वर कोरडा वारा. आठवड्याभरात सगळ्यांच्या टाचा उलायच्या आणि त्या उललेल्या टाचा घेऊन रोज सकाळी पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरायचं. पनवेलच्या खाडीच्या अंगाला आमची वीसेक घरांची वाडी होती. कामाच्या पहिल्या पावलाला तिथली धट्टीकट्टी माणसं ओरडत. माझे बाबा तर शिव्याच देत, मिठाला, वाऱ्याला, मालकाला. आई मात्र पदर खोचून सरळ वाफ्यात उतरायची. तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, पण तिच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नाही. "हिचं पाय लोखंडाचं हाईत," असं सगळे म्हणायचे. आई हसायची. मलाही त्याचा अभिमान होता.

त्या दिवसांतलं आमचं औषध म्हणजे मुठेल. आईचं माहेर आपट्याचं. पाताळगंगेच्या काठी तिच्या भावाची कोकमाची झाडं होती. उन्हाळ्यात कोकमं सोलून झाली की मामा बिया वाळवून ठेवायचा आणि दसऱ्यानंतर गोणपाटात बांधून आणून द्यायचा. आई त्या फोडायची, वाटायची आणि मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळत ठेवायची. घरभर आंबूस, तेलकट वास सुटायचा. वर आलेलं तेल पळीनं काढून निवत ठेवलं की ते मेणासारखं थिजायचं आणि ते गरम असतानाच्या वासाहून अगदी निराळं, जवळजवळ बिनवासाचं होऊन जायचं. मग ती मुठीत दाबून त्याचे गोळे करायची. संध्याकाळी चुलीच्या उबेला गोळा धरायचा, मऊ झाला की भेगांत भरायचा. माझ्या नातीच्या आरशापुढे आज सात-आठ बाटल्या उभ्या असतात, हाताला एक, तोंडाला दुसरी, रात्रीची तिसरी. मी तिला हसत नाही. कातडी सुकली तर काय होतं ते मला तिच्याहून जास्त ठाऊक आहे.

मी तेव्हा सातवीत होते. वाडीतली सातवीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. सातवीची फायनल पास झाले की मास्तरीणबाई होता येईल, असं आईच्या मनानं घेतलं होतं. बाबांचा विरोध नव्हता आणि उत्साहही नव्हता. त्या वर्षी थंडीत माझ्या डाव्या दंडावर एक चट्टा उठला. रुपयाएवढा, फिकट, वरून कोंडा सुटल्यासारखा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. पंधरा दिवसांत तसाच एक गालावर आला. एक दिवस वर्गात बाई वही तपासायला माझ्यापाशी थांबल्या, माझ्या गालाकडे पाहिलं, मग माझा दंड वळवून पाहिला, आणि हात काढून घेतला. तो हात त्यांनी लुगड्याला पुसला. त्यांना ते कळलंही नसेल, पण माझ्या शेजारच्या मुलीला कळलं. ती बाकावर सरकून बसली. शाळा सुटताना बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय मुलीला शाळेत पाठवू नये.

चिठ्ठी मीच घरी वाचून दाखवली. वाचता येणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. बाबा भाकरी खात होते, सुकटीच्या चटणीत बुडवलेला घास तसाच हातात राहिला. मग ते उठले आणि दार लोटून आले. भरदिवसा आमच्याकडे दार कधी लावत नसत.

"कोनी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"बाईंनी. आन बाजूच्या पोरीनं."

"शाला बंद," ते म्हणाले. "घरान बस. पदर घेऊन बस. कोनी विचारलं तं ताप हाय सांगायचं."

त्या रोगाचं नाव आमच्या वाडीत घेत नसत. 'रगतपिती' हा महारोगाचा शब्द मी एकदाच ऐकला होता, खाडीच्या पलीकडच्या एका माणसाबद्दल. त्याला भावांनी गावाबाहेर झोपडी घालून दिली होती आणि त्याची बायको दुरून भाकरी ठेवून येत असे. बाबांनी तो शब्द तेव्हाही उच्चारला नाही. पण आईनं त्या दिवसापासून माझा दंड आणि गाल दिवसातून तीनदा कोमट फडक्यानं शेकायचा आणि मुठेल चोळायचा सपाटा लावला. चोळताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, फक्त चट्ट्याकडे. तेल लावलं की चट्टा जरा कमी दिसायचा. वाळलं की पुन्हा वर यायचा.

ताप आहे ही थाप चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी मी विहिरीवर गेले तर काशीकाकीनं माझ्या हातातला पोहरा काढून घेतला. ती आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, मला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. "राहू दे गो, मी काढून देते," ती म्हणाली. आवाज मायेचाच होता. पाणी काढून तिनं ते वरूनच माझ्या हंड्यात ओतलं, हंड्याला पोहरा लागू न देता. मला वाटलं, हंडा तिथेच टाकून पळावं. त्याच आठवड्यात तिच्या अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. दरवर्षी पहिला वाटा आमच्याकडे यायचा. त्या दिवशी भाजल्या शेंगांचा वास आमच्या घरात भरून राहिला आणि वाटा आला नाही. बाबा उंबऱ्यात बसून तो जाळ विझेपर्यंत बघत होते.

शाळेत कधीतरी कानावर आलं होतं, की त्या रोगात कातडीला काही लागत नाही. घरात कोणी नसलं की मी बाभळीचा काटा घेऊन बसायचे. एकदा चांगल्या हाताला टोचायचा, एकदा चट्ट्याला. दुखायचं. पण सारखंच दुखायचं का? चट्ट्यावर जरा कमी दुखतंय, असं वाटायचं. मग जोरात टोचायचा. डोळे मिटून टोचायचा. दोन दिवसांत मी तिथं एवढं टोचलं की रक्त येऊन खपल्या धरल्या, आणि आता दुखतंय ते काट्यानं की जखमेनं हेच कळेना. आईनं त्या खपल्या पाहिल्या. तिनं काटा माझ्या हातातून काढून चुलीत टाकला आणि त्याच संध्याकाळी बाबांना म्हणाली, "मी उद्या तिला डाक्टरकडं नेते."

"त्या दाराशी कोनी बघितलं तं? मग तं संपलंच!"

"माजी पोर मी कोंडून ठेवनार नाय. असंल तं असंल. नसंल तं तिची शाला का बुडवू?"

सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाबा आमच्यासोबत आले नाहीत.

कातडीच्या रोगांचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा पनवेलला यायचे. बाजाराच्या मागं एका खोलीत बसायचे. आई मला हमरस्त्यानं न नेता मिठागरांच्या बांधावरून, मग चिखलातून, कालवांच्या शिंपल्यांचा खच पडला होता त्या वाटेनं घेऊन गेली, कोणी भेटू नये म्हणून. वहाणा तिच्याकडे नव्हत्याच. ती इतकी भराभर चालत होती की मला पळावं लागत होतं. खोलीत आमच्याआधी एकच म्हातारा होता. तो गेला आणि डॉक्टरांनी मला समोर बसवलं. मध्यम वयाचे, चष्मा लावलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांनी माझा दंड हातात धरला. अगदी सरळ, पूर्ण पंजानं धरला. पंधरा दिवसांत आईखेरीज कोणी मला शिवलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

"रडायचं नंतर," ते म्हणाले. "आधी काम. डोळे मिट. मी कापसानं जिथं टेकवीन तिथं तू बोट ठेवायचं."

त्यांनी कापसाची वात वळली होती. मी डोळे मिटले. टेकलं, मी बोट ठेवलं. पुन्हा टेकलं, ठेवलं. गालावर, दंडावर, चट्ट्याच्या मधोमध, कडेला. इतका हलका स्पर्श की मुंगीसुद्धा त्याहून जड असेल, पण प्रत्येक मला कळला. डॉक्टरांनी कोपराजवळची शीर दाबून पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या.

"हिला काहीही नाही. कोरडी कातडी आहे. थंडीत मुलांना असे चट्टे येतात, आपोआप जातात. तेल लावताय ते लावत राहा. आणि हे काटे कोणी टोचले?"

"मीच."

"पुन्हा टोचू नकोस," असं म्हणून ते दाखला लिहायला वळले. आई पुढे झाली. दोन्ही हात जोडून काही बोलणार, तोच डॉक्टरांची नजर जमिनीवर गेली. शहाबादी फरशीवर, दारापासून आई उभी होती तिथपर्यंत, रक्ताचे ठसे होते. एकाच पायाचे.

"बाई, तुमच्या पायाला काय लागलंय?"

"मना? काय नाय." आईनं खाली पाहिलं आणि तीच दचकली.

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाय उचलून पाहिला. टाचेच्या भेगेत कालवाच्या शिंपलीचा तुकडा रुतला होता, बोटाच्या पेरभर. मैलभर ती त्याच्यावर चालत आली होती. डॉक्टरांनी चिमट्यानं तो ओढून काढला. मी तोंड फिरवलं. आईनं मात्र बोटसुद्धा हलवलं नाही. उलट ओशाळून म्हणाली, "मिठागरान काम करतो आमी. आमचं पाय असंच. लोखंडाचं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी जखम धुतली, बांधली. मग कापसाची नवी वात वळली.

"डोळे मिटा, बाई. मुलीनं केलं तसंच करायचं."

आईनं डोळे मिटले. डॉक्टरांनी तळव्याला कापूस टेकवला. मग अंगठ्याला. मग टाचेला. पावलाच्या कडेला. दुसऱ्या पायाला. मी मोजत नव्हते, पण सात-आठदा तरी झालं असेल. आईचा हात मांडीवर तसाच होता. चेहरा शांत, जरासा उत्सुक. मग डोळे न उघडता तिनं विचारलं, "कवा लावताव?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला सगळं कळलं आणि आईला अजून काहीच कळलं नव्हतं. आयुष्यात तेवढा वेळच मी तिच्यापेक्षा मोठी होते. ते क्षण मला अजून नको वाटतात.

त्यांनी तिला सांगितलं ते न लपवता, पण सावकाश सांगितलं. आता गोळ्या निघाल्यात. दर आठवड्याला येऊन न्यायच्या. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण रोग थांबेल. तुमच्या हातचं खाल्ल्यानं कुणाला काही होत नाही. फक्त पायांतली गेलेली जाण परत येईल असं मी म्हणत नाही, म्हणून पाय सांभाळायचे. मग ते माझ्याकडे वळले. "कातडी सुकली की फाटते, फाटली की जखम, आणि जखम हिला कळणार नाही. म्हणून ती तू बघायची. रोज. कोमट पाण्यात पाय भिजवायचे. पाणी किती गरम आहे ते तुझ्या हातानं बघायचं, हिला विचारायचं नाही. टाचेची जाड कड दगडानं हलकी घासायची. आणि ओल असतानाच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. अनवाणी एक पाऊलही नाही. खाऱ्या पाण्यात तर नाहीच." आम्ही इतकी वर्षं पाय वाऱ्यावर सुकवून मग तेल लावत आलो होतो.

परतताना आई हमरस्त्यानं चालली. लपायचं काही राहिलं नव्हतं म्हणून, की ती भानावर नव्हती म्हणून, मला ठाऊक नाही. वाडी दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, "तुजा दाखला पयला काशीला दाखव."

मी दाखवला. काशीकाकीला वाचता येत नव्हतं, पण शिक्का पाहून तिनं मला पोटाशी धरलं आणि रडली. त्याच दुपारी तिच्या घरून शेंगा आल्या. वाडीला सांगितलं ते एवढंच, की आईच्या पायात शिंपली गेलीय, जखम चिघळलीय, डॉक्टरनं पाण्यात उतरू नको म्हटलंय. माझा स्वच्छ दाखला आईच्या रोगावर झाकण म्हणून उपयोगी पडला. शाळेत बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. मला त्याचा आनंद घेता आला नाही.

खरं ते फक्त बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू आपट्याला जा. भावाकडं." आई म्हणाली, "जाईन. येमूची परीक्षा होऊ दे." दोघंही हे अशा आवाजात बोलले, जशी मीठ भरायच्या गोणींची बोलणी करावी. त्या दिवसापासून आईनं वाढलेलं बाबा खाईनात. भांडले नाहीत, बोलले नाहीत, फक्त मी वाढलं तरच जेवत. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, घाबरलेला माणूस होता तो. दाखल्यावरचा शिक्का आम्हाला वाचवत होता, आणि तो किती पातळ आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

रोज संध्याकाळी मी आईचे पाय करायचे. घमेल्यात कोमट पाणी, मग दगड, मग ओलसर टाचेवर मुठेल, वरून जुन्या लुगड्याची पट्टी. जुन्या टायरचे तळ लावलेल्या वहाणा मामानं शिवून आणल्या होत्या. हळूहळू भेगांचे काठ मऊ पडले, शिंपलीची जखम भरत आली. बाबा त्या वेळी अंगणात बसत, पाठ करून. आणि माझी फायनल जवळ येत होती. ज्या परीक्षेची मी इतकी वाट पाहिली होती ती झाली की आई जाणार होती. मी अभ्यासाचं पुस्तक उघडायचे आणि मिटायचे.

परीक्षेचं केंद्र अलिबागला होतं. तीन दिवस बाईंबरोबर तिथं राहायचं. निघायच्या आदल्या दिवशी मी घमेलं आईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "मी जानार नाय."

"गपचीप जायचं," आई म्हणाली.

"मी गेले तं तुजे पाय कोन बघंल? आपट्याला कोन बघंल? मामीला काय म्हाईत? सहा महिन्यांत बोटं जातील तुजी!" मी हे अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मुद्दामच बोलले. आई माझ्यावर हात उगारणार, एवढ्यात बाबा आत आले. ते माझ्याकडे बघत नव्हते, आईकडेही नाही. घमेल्याकडे बघत होते. मग उकिडवे बसले.

"दाखव," ते म्हणाले. "कसं करायचं ते दाखव. तीन दिस मी बघतो."

मी दाखवलं. त्यांचे हात खरखरीत, दगड कुठला आणि बोट कुठलं कळू नये असे. त्यांनी तिचा पाय हातात धरला. आईनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

आई पुढं पुष्कळ जगली. गोळ्यांनी रोग थांबला, पायाचं एकही बोट गेलं नाही, आणि ती आपट्याला गेली ती भावाच्या घरच्या लग्नाकार्यांपुरतीच. मी मास्तरीण झाले. पण हे सगळं नंतरचं.

अलिबागहून एस्टीनं परतले तेव्हा संध्याकाळ होत होती. पेपर कसे गेले ते कोणी विचारलं नाही. बाबा दारातच उभे होते, आत येईनात, मला आत जाऊ देईनात. "माज्याकडनं चूक झाली," ते म्हणाले. "पयल्या दिशी पानी जास्ती तापलं. मी बोट घालून बघितलं व्हतं, पन माज्या बोटाला काय कलतंय? फोड आलाय. डाव्या पायाला. मी दोन दिस काय खाल्लं नाय." बोलता बोलता ते उंबऱ्यातच बसले आणि पंचा तोंडाला लावून हुंदके देऊ लागले. मी त्यांना ओलांडून आत धावले. आई चुलीपाशी होती. डाव्या पायाला पट्टी, नीट बांधलेली, जरा जास्तच जाड. मी सोडायला गेले तर तिनं माझा हात धरला, आणि मग कित्येक दिवसांनी ती हसली.

"मना तं काय समजलंच नाय गो," ती म्हणाली. "लागलं ते त्याला."